कच्ची भिंत

गिरगावच्या चाळीतल्या कालिंदीची मान वर्षानुवर्षं दुखत होती. फिजिओथेरपिस्ट रोशेल हलक्या हातांनी गाठ न् गाठ मोकळी करी, आणि रोजची मालिका संपेपर्यंत मानेचं पुन्हा लाकूड होई. टीव्ही होता नवऱ्याच्या, हेरंबच्या खुर्चीसमोर; कालिंदीने तो मान वळवून बघायचा.

"आंटी, दोघांना दिसेल असा पलीकडच्या भिंतीवर लावा ना!"

"छे! ती भिंत कच्ची," सोबत आलेला हेरंब म्हणाला. "खिळा ठोकला तर शेजारच्या वहिनींच्या देव्हाऱ्यात निघेल."

"मग अंकल, खुर्च्या तरी बदला."

रोशेलसमोर नाही कसं म्हणणार? त्या संध्याकाळी अख्खी मॅच हेरंबने कालिंदीच्या खुर्चीतून बघितली.


सकाळी कालिंदीला जाग आली ती ड्रिलच्या आवाजाने. एका हाताने मान धरून हेरंब सुताराला सांगत होता, "मार रे बिनधास्त! भिंत एकदम पक्की आहे."