पिंप वाचलं

"बर्बन व्हिस्की आहे, एकाच पिंपातली. दुसरा थेंब मिसळलेला नाही," कारखान्याचा मालक म्हणाला. स्पर्धेच्या परीक्षकाने घोट तोंडात घोळवला. हा माणूस कुणाच्या बापाला भीत नाही, अशी त्याची ख्याती.

"वा! पहिला नंबर हिचाच."

कौतुक मालकाच्या डोक्यात चढलं. "नशीबवान पिंप हो! भरलं त्याच वर्षी गोदामात वरच्या फळीवरून निसटलं. मऊ जागी पडलं म्हणून वाचलं, नाहीतर सगळी मातीत गेली असती."

ग्लास विसळणाऱ्या बाईचा हात थांबला. त्याच वर्षी, त्याच गोदामात तिचा नवरा छाती चेंगरून मेला होता. जन्मात दारूला न शिवलेला माणूस. कारखान्याने मात्र सांगितलं, पिऊन शिडीवरून पडला. तेव्हापासून तिची पोरं दारुड्याची पोरं म्हणूनच वाढली.

ती परीक्षकासमोर येऊन उभी राहिली. "दादा, पिंप पडलं तेव्हा खाली माझा नवरा होता. पडलं असं हे आत्ता स्वतःच्या तोंडाने म्हणाले. तुम्ही ऐकलंत ना? एवढं चार लोकांत सांगाल?"

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

परीक्षकाने ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

"मी फक्त चव सांगतो, बाई."