उघडा कोपरा

आत्या गेल्यापासून तिची चित्रकार भाची घरात एकटीच होती, आणि तिला काही म्हणता काही सुचत नव्हतं. शेवटी तिने आत्याचे जुने कपडे कपाटातून काढून त्यांची गोधडी शिवायला घेतली. हात आपोआप चालू लागला. शेजारी कोणी बसल्यासारखं वाटलं.

आत्या नेहमी सांगायची, "गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवावा गं. ज्याचे कपडे, त्याला जायला वाट हवी."

शिवण्याच्या नादात तिने चौथा कोपराही बंद केला.

सकाळी घडी करून ठेवलेली गोधडी आतून उबदार लागली. दुसऱ्या सकाळीही.

तिने कात्रीने कोपऱ्यातला टाका कापला आणि दोरा ओढला.

आतून कोणीतरी तो परत ओढला. आत्या वेणी घालताना केस ओढायची, तसा हळूच.