बंड्याचं रक्त

"माझं रक्त? अगं, आरशासारखं लख्ख आहे!" क्रेनवाल्याने पावावर लोण्याचा दुसरा थर चढवला. "कंपनीच्या डॉक्टरांनी खुशाल तपासावं."

"मागच्या वर्षी काय म्हणाले होते ते?" बायकोने लोण्याचा डबाच उचलला.

क्रेनवाल्याने बोटावरचं लोणी चाटलं. वाईट कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एक प्रथिन रक्तात फार आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. यंदाही ते वाढलेलंच निघालं तर क्रेन बंद आणि गोदामात खुर्ची. उभा जन्म आभाळात बसून अख्खं बंदर मुंग्यांएवढं बघणाऱ्या माणसाला गोदामात खुर्ची!

त्याने गुपचूप मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा कंपाउंडर, सुई टोचण्यात हात बसलेला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटाच राहायचा, पण हल्ली त्याच्या तोंडी सारखा कुणीतरी बंड्या असायचा.

"रक्त बाहेर काढून नळी नेऊन दिली तरी चालते रे. फक्त रक्त माझं नको."

"एवढंच ना भाऊजी? आमच्या बंड्याचं देतो. रोज पहाटे माझ्याबरोबर पळतो. तळलेलं नाही, गोड नाही. अंगावर चरबी शोधून सापडायची नाही."

"तो तयार होईल का?"

"त्याला काय विचारायचं? माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

"गुणी आहे रे पोरगं," क्रेनवाल्याला भरून आलं.

नळी गेली आणि लोण्याचा डबा पुन्हा टेबलावर आला.

आठवडाभरात डॉक्टरांनी बोलावलं. खोलीत एकाच्या जागी तीन डॉक्टर बसले होते.

"वाढलंय का?"

"शून्य आहे."

क्रेनवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "बघा! मी म्हणतच होतो."

"अहो, हसताय काय? माणसाचं हे प्रथिन कणभर असलं तरी आमचं यंत्र पकडतं. दोनदा लावून बघितलं. हा जन्मजात आजार लाखांत एखाद्याला होतो. नसा सुकतात, दृष्टी जाते. तुम्ही इथवर चालत आलात कसे, तेच कळत नाही. लोणी आजपासून बंद. पुन्हा रक्त द्या आणि भरती व्हा."

बिचारा बंड्या! रोज पहाटे पळतोय आणि त्याला काही पत्ताच नाही. गप्प बसून दुसऱ्या कुणाचं रक्त आणता आलं असतं. पण पोराच्या डोळ्यांचा प्रश्न होता. क्रेनवाला छाती काढून उभा राहिला.

"रक्त माझं नाही. मेव्हण्याकडच्या बंड्याचं आहे. माझी क्रेन घ्या, पण त्या पोराला वाचवा!"

डॉक्टरांनी आधी क्रेन बंद केल्याच्या कागदावर सही केली, मग रुग्णवाहिका मागवली.

मेव्हण्याने दार उघडलं तर समोर भाऊजी, तीन डॉक्टर आणि स्ट्रेचर.

"बंड्या कुठंय?" मोठे डॉक्टर बॅटरी हातात घेऊन आत घुसले.

"मागे झोपलाय. का हो?"

"हळू उठव रे त्याला," क्रेनवाला स्ट्रेचर पुढे सरकवत म्हणाला. "तोल जाईल त्याचा."

मेव्हण्याने शीळ घातली. बंड्या धावत आला, शेपूट हलवत सगळ्यांना हुंगून गेला आणि मोठ्या डॉक्टरांच्या पँटवर तंगडी वर करून मोकळा झाला.