पुढे कुणीतरी

फोंडा घाटात धुकं उतरलं आणि शालनताईंनी गाडी कडेला घेतली. साठीत गाडी शिकून, मुलगा नको म्हणत असताना, त्या एकट्याच राधानगरीचं जंगल बघायला निघाल्या होत्या. आता पुढे जायची हिंमत होत नव्हती. परत फिरायलासुद्धा रस्ता दिसत नव्हता.

मागून आलेला ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. "मावशी, चावी द्या. वर सोडतो."

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त पुढे चाला. तुमचा लाल दिवा बघत मी येते."

तो खरंच बैलगाडीच्या चालीने निघाला. मागे हॉर्नचा गोंगाट झाला, तरी त्याने वेग वाढवला नाही.

घाटमाथ्यावर ऊन होतं. दोघे थांबले. शालनताईंनी हात जोडले. "तुमचा फार खोळंबा केला."

"परवा मुलगी झालीया मला. तिलाच बघायला निघालोय."

"अरे देवा! मग माझ्यासाठी कशाला थांबलात?"

तो लाजत हसला. "उद्या तीबी अशी एकटी निघंल की, मावशी. तवा तिच्या म्होरं कुणीतरी असावं."

शालनताईंनी गाडीतली पिशवी उघडली. पिशवीतला डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांनी त्याला दिला. "बाळंतिणीला," एवढंच म्हणाल्या, आणि जंगलाच्या वाटेला लागल्या.