वयाचा रकाना

१८ जुलै १९५६, सकाळचे सव्वानऊ. तंजावरातल्या माझ्या घरी, टेबलावर जर्मनीच्या व्हिसाचे तीन अर्ज होते. पर्यटकाला तिथे शिकता येत नव्हते आणि कामगाराला तिथल्या कारखान्याचे पत्र लागत होते. उरला विद्यार्थ्याचा अर्ज. महायुद्धात लढून आलेला माझा भाचा शेषाद्री पूलबांधणी शिकायला जाऊ पाहत होता. मी प्रश्न वाचत होतो आणि त्याची उत्तरे लिहीत होतो.

“यापूर्वी या देशात राहिला आहात काय?”

“राहिलोय, मामा. एक वर्ष सात महिने.”

“कोणत्या कारणासाठी?”

“युद्धकैदी.”

“खर्च कोणी केला?”

“त्यांच्याच सरकारनं. बटाट्याचं पाणी फुकट होतं.”

मी हसलो. तो हसला नाही.

शेवटच्या पानावर अट होती: अर्जदाराचे वय पस्तीस वर्षांपेक्षा अधिक नसावे. शेषाद्रीला छत्तीस वर्षे चार महिने झाले होते. मी एका कोऱ्या कागदावर त्यातून कैदेचा काळ वजा केला. चौतीस वर्षे नऊ महिने उरले. कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो बराच वेळ पाहिला.

“गणित बरोबर आहे, मामा. पण हे लिहायला रकाना कुठं आहे?”

मी अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. तसा रकाना नव्हता.

“तुमची कापी निवतेय,” माझ्या कॉफीच्या पेल्याकडे पाहत तो म्हणाला. “खरं आहे ते लिहा.”

मी लिहिले. वय: ३६ वर्षे ४ महिने.