छत्रीवाल्या मेमचं गाणं

चांगदेवनं पिशवीतून रेकॉर्ड बाहेर काढली, आणि तिचं कव्हर ठमाबाईनं लांबूनच ओळखलं.

कमरेएवढ्या समुद्रात उभी असलेली मेम. डोक्यावर उघडी छत्री, काखेत बुटांचा जोड. हेच कव्हर आत्ता ठमाबाईच्या मांडीवर होतं. फरक एवढाच, की तिचं रिकामं होतं आणि चांगदेवच्या कव्हरात रेकॉर्ड होती.

"आत्ये, तुजं गानं! मुंबईला जुन्या बाजारात घावलं." बहिणीच्या, कोकिळेच्या हळदीसाठी त्यानं बॅटरीवर चालणारा प्लेअरही दोस्ताकडून मागून आणला होता. मांडवातल्या बायका पुढं सरकल्या.

ठमाबाई गावाचीच लेक. नवरा गेल्यावर उरणला माहेरी परत आली आणि मिठागरावर राबू लागली. भाऊ दिनानाथ, चांगदेवचा बाप, मुंबईच्या गोदीत हमाल. गोरे साहेब विलायतेला परत निघाले, की त्यांच्या सामानातल्या रेकॉर्डी फुटत आणि कव्हरं कचऱ्यात जात. ती तो बहिणीसाठी उचलून आणी. चष्मा लावून पियानो वाजवणारा कुत्रा. डोक्यावर हातभर मिशांची, कोळंबीसारखी शेवंड घेऊन बसलेला जाडा साहेब. संत्र्यांनी भरलेल्या टबात बसलेली बाई. अशी पेटीभर कव्हरं जमली होती. खाऱ्या हवेनं पुठ्ठा फुगतो, म्हणून ती कव्हरं उन्हात वाळवी, आणि वाळेपर्यंत त्यांच्याकडं बघत राही. बघता बघता गाणी सुचत.

पण विधवेनं लग्नाच्या मांडवात स्वतःची गाणी म्हणायची, हे कोण चालू देणार? म्हणून पहिल्याच वेळी तिनं सांगून टाकलं, की गाणी मेमची आहेत. साहेबाच्या बटलरनं दिनानाथला अर्थ सांगितला, मी नुसती आपल्या बोलीत म्हणते. सगळ्यांना मोठं नवल वाटलं. तेव्हापासून हळदीला हात लावायचा नाही, पण कव्हर मांडीवर घेऊन गायला मात्र ठमाबाई हवी, असं ठरून गेलं. ती एकटी गाई. बाकीच्या पदर सावरून, देवळात बसल्यासारख्या ऐकत. सगळ्यांत लाडकं गाणं जहाजाची वाट बघणाऱ्या छत्रीवाल्या मेमचं:

छत्री धरली उनाला, डोळं लावलं तारवाला.

आज ते खोटं उघडं पडणार होतं. मग पुढच्या मांडवात तिला कोण बोलावणार?

"थांब रं," ती म्हणाली. "आधी जेवनं तरी होऊ देत."

"का गो, घाबरलीस?" शेजारची आवडाबाई म्हणाली. तिच्या जिभेला सगळी आळी भिऊन होती. "का एवढी वर्सं आमाला शेंडीच लावलीस?"

बायका हसल्या. चांगदेवनं सुई टेकवली.

खरखर झाली. मग एक लाट आली, फुटली, मागं गेली. पाठोपाठ दुसरी.

"मेम आजून पान्यात उतरतेय वाटतं," कुणीतरी म्हणालं.

सगळ्या थांबल्या. लाटा येतच राहिल्या. चांगदेवनं सुई पुढं सरकवली. लाटाच. त्यानं रेकॉर्ड उलटली. तिकडंही लाटा, आणि मध्येच एक पक्षी ओरडून गेला. शेवटी त्यानं कव्हरामागचा इंग्रजी मजकूर बोट ठेवून वाचला आणि ओशाळून मान वर केली.

"नुसता समुद्र हाय. समुद्राचा आवाज भरलाय. गानं न्हायच ह्यात."

"मेल्या, मुंबईला जाऊन समुद्र आनलास?" आवडाबाई ओरडली. "दारातला काय आटला व्हता?"

मांडव हसून हसून लोळायला लागला. ठमाबाईनं श्वास सोडला. सुटले, तिला वाटलं.

"मंग आत्ये," हळदीनं पिवळी झालेली कोकिळा पाटावरूनच म्हणाली, "ते छत्रीचं गानं कुनाचं? मला सासरी म्हनायचंय. कुनाचं म्हनून सांगू?"

हसू विरलं. ठमाबाईला सांगता आलं असतं, की कव्हरात दुसरीच रेकॉर्ड आली असेल. शब्द ओठांवर होते. पण पोर ते खोटं बरोबर घेऊन सासरी जाणार होती.

"माजं," ती म्हणाली. "सगळीच माजी. मेमनं काय बी गायलं न्हाय."

प्लेअरवर लाटा चालूच होत्या. ठमाबाईनं कव्हर पदराखाली घेतलं आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

"बस खाली!" आवडाबाईनं तिचा दंड धरला. "कसली गो बाय तू? मेमचं गानं, आपल्या तोंडानं बिघडंल, म्हनून एवढी वर्सं आमी कुलूप लावून बसलो. तुजं हाय म्हनली असतीस, तर कवाच संगं म्हनलं असतं!"

ती ठमाबाईला खेटून बसली, बाकीच्यांनाही तिनं हातानं जवळ ओढलं.

"कर सुरू. दुसरी ओळ आमची."