ताटकळणं

"सोनाबाई, चला आत," नर्सने हाक मारली. आम्ही नुकते कुठे बाकावर टेकलो होतो.

मागच्या केमोला सकाळी रक्त तपासायला दिलं आणि औषध लागायला संध्याकाळ झाली. "सुईला मी भीत नाही, पण एवढं ताटकळणं सोसवत नाही. मी पुन्हा येणार नाही," असं बायकोने बजावलं होतं. या वेळी रक्ततपासणी आदल्या दिवशीच तालुक्याला करायची सोय झाली, म्हणून तिला कशीबशी आणली.

दुपारीच ती बाहेर आली. मी पिशवीतून भाकऱ्या काढल्या.

"अहो, रात्रीच्याही बांधून आणल्यात? इथे मुक्काम करायचा होता का?" ती हसली. मग नर्सकडे वळून म्हणाली, "पोरी, पुढच्या खेपेला कधी येऊ?"

मी मान खाली घालून भाकरीचं फडकं उगाच पुन्हा पुन्हा बांधत राहिलो.